सहावी चिठ्ठी

मी एक जुना कर्णा आहे. लाउडस्पीकरचा कर्णा. ज्या दिवशी मावशी गेल्याचे गावाला कळले, त्या दिवशी मी एक शब्दही बोललो नाही, आणि तरी ती बातमी गावाला माझ्याकडूनच कळली.

ते कसे झाले ते आधी सांगतो, मित्रांनो. आमच्या गावात कोणी गेले की ते कर्ण्यावरून सांगायची रीत होती. घरचे माणूस मिस्त्रीच्या दुकानात येई, नाव सांगे, वेळ सांगे. मग मिस्त्री तीनचाकी टेंपो काढी आणि मावशी त्याच्या शेजारी बसून गल्लीगल्लीतून ते सांगत जाई. मिस्त्री म्हणजे माझा मालक. मावशी म्हणजे त्याची बायको. गेलेला माणूस बंगल्यातला असो की पत्र्याच्या खोलीतला, ती त्याचे नाव एकाच चालीत घेई. घाई नाही, लांबण नाही.

आता तीच गेली होती. तिचे नाव कोण घेणार?

मिस्त्रीने मला फळीवरून खाली काढले, फडक्याने पुसले आणि टेंपोच्या टपावर बसवले. बॅटरी जोडली. बटण फिरवले. माझ्या घशातून घूंऽऽ असा आवाज निघाला. त्याने माइक तोंडाशी धरला, तोंड उघडले, आणि तसाच राहिला. मग त्याने टेंपो पहिल्या गिअरमध्ये टाकला आणि निघाला. माझ्यातून फक्त ती घूं ऐकू येत होती. मध्येच त्याचा श्वास.

शिंपीणकाकू सगळ्यांत आधी बाहेर आल्या. त्यांनी टेंपोत पाहिले. शेजारची जागा रिकामी होती. मावशीची चपटी झालेली उशी तेवढी होती.

"गेली?" काकूंनी विचारले. मिस्त्रीने मान हलवली. पुढच्या गल्लीत आम्ही पोचायच्या आधी बातमी पोचली होती.

चौकात पालिकेच्या निरीक्षकांनी हात आडवा केला.

"मिस्त्री, लायसन कुठंय?"

"कशाचं?"

"कशाचं म्हणजे? कर्ण्याचं. विनापरवाना घोषणा करताय तुम्ही."

"काय घोषणा केली साहेब? तुम्हीच सांगा ना. मी काय म्हणालो?"

साहेबांनी थोडा विचार केला. "म्हणाला काही नाहीत. पण कर्णा चालू आहे."

"चालू आहे. बोलत नाही. गप्प बसायला पण लायसन लागतं का आता?"

"लागेल, लागेल," मागून शिंपीणकाकू म्हणाल्या. "पुढच्या सभेत आणतील तोही ठराव."

दुःखाच्या दिवशीही दोनचार माणसे हसली. साहेबांच्या आईची बातमी मावशीनेच सांगितली होती. त्यांनी टोपी काढली, दुसरीकडे पाहिले आणि म्हणाले, "जा. लवकर उरका."

मला लायसन का लागते, आणि ते का मिळत नाही, हीच माझी गोष्ट आहे. ती सुरुवातीपासून ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. अॅल्युमिनियमचा गोल पत्रा लाकडी साच्याला लावून गरगर फिरवायचा आणि कामगाराने लांब दांड्याच्या हत्याराने तो दाबत दाबत साच्यावर बसवायचा, असे ते काम. पत्र्याचा मी झालो. मानेमागे युनिट बसवले. त्याच्या आत एक पातळ पडदा असतो, तो थरथरला की आवाज निघतो. माझ्या तोंडाचा घेर बघून लोकांना वाटते की आवाज माझा. तसे नाही. आवाज दुसऱ्याचा असतो. मी तो फक्त मोठा करतो. एवढे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मिस्त्रीने नवे दुकान टाकले तेव्हा मला आणले. पहिल्या दिवशी त्याने माइक हातात घेऊन "हॅलो, हॅलो" केले. त्याचा आवाज मुळातच घोगरा. समोरच्या झाडावरची पाखरे उडाली.

"अहो, लोकांना कशाला घाबरवताय?" मावशी म्हणाली. तेव्हा तिला कोणी मावशी म्हणत नव्हते. नुकतेच लग्न झाले होते. तिने माइक त्याच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "मंडळी, आज नळाला पाणी उशिरा येणार आहे. बादल्या रिकाम्या असतील तर भांडू नका, शेजारणीकडं मागा." ते माझे पहिले बोलणे. त्या दिवसापासून माझा आवाज म्हणजे तिचा आवाज.

कामाची ती वर्षे चांगली होती. पाण्याची वेळ, डोस पाजायची गाडी, हरवलेल्या वस्तू, सगळे आम्ही सांगायचो. कोणाची शेळी हरवली की ती म्हणे, "ज्याच्या घरी शेळी आपणहून आली असेल, त्यानं ती आपणहून परत पाठवावी. नाव विचारणार नाही." शेळी परत येई. एकदा बाजारात एक मुलगी हरवली. ती कुठेतरी मजेत फिरत होती आणि तिची आई आमच्या दुकानात बसून हुंदके देत होती. मावशीने सांगितले, "एक आई सापडली आहे. निळी साडी, रडते आहे. जिची असेल तिनं घेऊन जावी." मुलगी हसत आली आणि आईला घेऊन गेली.

निवडणुका आल्या की आमच्या दुकानाला महत्त्व येई. तेव्हा गावात भाड्याचा कर्णा मी एकटाच होतो. मिस्त्रीचा एक नियम होता. कर्ण्याला पक्ष नसतो. जेवढे उमेदवार तेवढ्या चिठ्ठ्या. मावशी आपला बटणांचा डबा रिकामा करी, त्यात चिठ्ठ्या टाकी आणि सगळ्यांसमोर एकेक उचली. त्या क्रमाने पाळ्या. प्रत्येकाला सारखी वेळ, सारखा आवाज. आवाजाच्या बटणावर मिस्त्रीने लाल रंगाची खूण केली होती. तिच्या पुढे बटण कोणासाठी जायचे नाही, मग तो कोणीही असो. एका वर्षी न्हावी उभा राहिला होता. त्याच्याकडे झेंडे नव्हते, गाड्या नव्हत्या. पण पाळी होती. तो पडला, आणि चांगलाच पडला, पण उघड्या गटाराबद्दल त्याने जे लिहून दिले ते सगळ्या गावाने ऐकले होते. निवडून आलेल्याला ते गटार झाकावेच लागले.

आता शेठची गोष्ट. शेठची टेकडीवर दगडाची खाण होती, आणि खडी फोडायचा क्रशर आमच्याच गल्लीच्या टोकाला, शाळेच्या भिंतीला लागून. शेठ माणूस हसरा. दुकानात स्टुलावर बसून चहा प्यायचा, मावशीची थट्टा करायचा. एका निवडणुकीच्या आधी तो म्हणाला, "मावशी, सगळ्या पाळ्या मलाच द्या. म्हणाल ते भाडं."

"पाळ्या विकत नसतो शेठ. उभे राहा, चिठ्ठीत नाव टाका."

"मी कुठला उभा राहतो? मला बसायला वेळ नाही!" तो मोठ्याने हसला आणि गेला.

शेठ उभा राहिला नाही. त्या वर्षी डब्यात पाच नावे पडली. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर निघाल्या. नियमात कुठे खोट नव्हती. उमेदवार आपापला मजकूर लिहून देत आणि मावशी तो वाचून दाखवी. पहिल्याने रुंद रस्त्याचे वचन दिले. दुसऱ्याचा मजकूर वाचताना मावशी जरा थबकली. त्यातही रुंद रस्ता. तिसऱ्याची पाळी झाली तशी तिने माइक बंद केला.

"अहो, ऐका. पाच नवरदेव आहेत, पण वऱ्हाड एकच आहे."

पाचही उमेदवारांच्या गाड्या शेठच्या. झेंडे त्याच्याच पैशाने छापलेले. रंग तेवढे वेगळे.

"आपण नियम मोडलेला नाही," मिस्त्री म्हणाला.

"नियम धड आहे हो. त्याच्या आत दुसराच राहायला आलाय."

मित्रांनो, ही चूक आमच्यासारख्या धंद्यातल्यांनीच करावी अशी होती. पाळ्या सारख्या वाटल्या की न्याय झाला, असे या दोघांना वाटे. पाच तोंडे मोजली. पाचांच्या मागे माइक कोणी धरला आहे ते पाहिलेच नाही.

पाचांतला एक निवडून आला. कोण आला त्याने काही फरक पडणार नव्हता. रुंद रस्ता झाला. खडी शेठची. क्रशर दिवसभर चालू लागला. त्यातून शेठ आणखी मोठा झाला, आणि पुढच्या वेळी पालिकेत एक नाही, अर्ध्याहून जास्त माणसे त्याची बसली. क्रशर झाकलेला असावा आणि खडीवर पाणी मारावे असा पालिकेचा नियम होता. त्यांनी तो शिथिल केला. उद्योगाला सवलत म्हणून. शेठचा खर्च वाचला. वाचलेला पैसा पुन्हा निवडणुकीत आला. गावच्या वर्तमानपत्राला जाहिराती शेठच्या. त्यामुळे धूळ वर्तमानपत्रावर साचे, पण वर्तमानपत्रात येत नसे.

तुम्ही सभेत कधी कर्ण्याची कर्कश शिट्टी ऐकली असेल. कानात बोटे घालावीशी वाटतात. ती का होते सांगू? माइक कर्ण्याच्या तोंडासमोर आला की कर्ण्यातून निघालेला आवाज माइकमध्ये शिरतो. तिथून मोठा होऊन पुन्हा कर्ण्यातून निघतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो. फिरत फिरत तो एवढा मोठा होतो की दुसऱ्या कोणाचे काही ऐकूच येत नाही. पैसा आणि खुर्ची समोरासमोर आली की असेच होते. पैशाने खुर्ची मिळते, खुर्चीने पैसा वाढतो, वाढलेल्या पैशाने आणखी खुर्च्या. नवशिके अशा वेळी शिट्टीवर ओरडायला जातात. त्याने काही होत नाही. माइक उचलून लांब न्यावा लागतो. दोघांत अंतर ठेवावे लागते. मिस्त्री हेच करत आला, पण त्याच्या हातातला माइक छोटा, दोऱ्याएवढ्या वायरीचा. गावचा माइक उचलायला गाव लागते.

आमच्या गल्लीत तेव्हा वाळत घातलेले कपडे राखाडी होत. शाळेच्या खिडक्या उन्हाळ्यातही बंद असत. दवाखान्यातली सिस्टर म्हणायची की या गल्लीतले पोर खोकले तर तिला न बघता कळते. मावशीही खोकू लागली होती. घोषणेच्या आधी ती पाण्याचा घोट घेई, आणि मिस्त्री रस्त्याकडे बघत बसे.

पुढची निवडणूक आली. पुन्हा पाच नावे. मावशीने पाच चिठ्ठ्या केल्या आणि मग कागदाचा आणखी एक तुकडा फाडला. त्यावर काही लिहिले नाही. घडी घातली आणि डब्यात टाकली.

"ही कोणाची?" एका उमेदवाराने विचारले.

"राहिलेल्यांची."

"पण राहिलेले उभे कुठं आहेत?"

"उभेच आहेत की. तुम्ही खुर्च्या त्यांना कुठं दिल्यात?"

डब्याभोवतीचे लोक हसले. उमेदवारही हसला, कारण न हसून चालणार नव्हते. कोरी चिठ्ठी मधेच कुठेतरी निघाली. मिस्त्रीने मला मैदानात खांबावर बसवले, बटण लाल खुणेवर आणले आणि माइक उभा करून बाजूला झाला. जो उमेदवार नाही त्याने बोलायचे, आणि उमेदवारांनी ऐकायचे.

सिस्टर बोलली. शाळेतले गुरुजी बोलले. शिंपीणकाकू म्हणाल्या, "मी हल्ली पांढरं कापड शिवायला घेत नाही. शिवून होईस्तोवर त्याचा रंग माझ्या केसांना जुळतो." शेठ पहिल्या रांगेत बसला होता. त्याने टाळी वाजवली. मी खोटे सांगणार नाही, तो मनापासून हसत होता. त्याला वाटले, बोलू देत, बोलून काय होते.

मग एक माणूस पुढे आला. त्याने टोपी हातात घेतली होती. "मी खाणीत कामाला आहे," तो म्हणाला. "मला काही म्हणायचं नाही." आणि त्याला खोकला आला. माइक समोरच होता. तो खोकत राहिला. वाकला, गुडघ्यावर हात टेकले, तरी थांबेना. तो खोकला माझ्यातून गेला आणि टेकडीपर्यंत ऐकू आला. शेठने टाळी वाजवली नाही.

निवडणूक शेठच्याच माणसांनी जिंकली. नव्या पालिकेचा पहिला ठराव नागरिकांच्या आरोग्यासाठी होता. आवाजाने आरोग्य बिघडते म्हणे. यापुढे कर्णा लावायला लायसन लागेल आणि ते मान्यताप्राप्त संस्थेलाच मिळेल. गावात अशी संस्था एकच निघाली, शेठच्या मेहुण्याची. चौकाचौकांत खांबांवर नवे कर्णे चढले. दिसायला माझ्यापेक्षा देखणे. त्यांचा माइक मात्र एकच, शेठच्या कचेरीत. मिस्त्री पालिकेत जाई तेव्हा खिडकीमागचा कारकून म्हणे, "अर्ज विचाराधीन आहे." एकदा मिस्त्रीने विचारले, "विचार कोण करतंय?" कारकून इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "मला विचारू नका. मला विचार करायचा पगार नाही."

क्रशरच्या आवाजाबद्दल ठरावात काही नव्हते.

मला फळीवर ठेवले, तोंड खाली करून, घशात धूळ जाऊ नये म्हणून. मावशी मात्र थांबली नाही. पाण्याची वेळ असो की कोणाचे जाणे असो, ती तोंडाशी हात धरून गल्लीतून पायी सांगत जाई. मिस्त्री म्हणायचा, "अगं, बस आता." ती छातीवर टिचकी मारून म्हणे, "माझं युनिट अजून जळलेलं नाही." कधी अर्ध्या गल्लीतून परत यायची. उरलेली गल्ली शिंपीणकाकू सांगत. डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि विचारले, "खाणीत काम करता का?" ती म्हणाली, "मी नाही गेले खाणीत. खाण आली आमच्याकडं."

नंतर काय झाले ते मी सुरुवातीला सांगितले आहे. पुन्हा सांगवत नाही.

ती गेल्यावर काही दिवसांनी शेठ दुकानात आला. स्टुलावर बसला. या वेळी चहा मागितला नाही.

"फार वाईट झालं मिस्त्री. माझी सख्खी मावशी गेल्यासारखं वाटतंय."

मिस्त्री माझ्या मानेचा स्क्रू घट्ट करत होता.

"खांबावरचे कर्णे तुम्हीच सांभाळा. मेहुण्याला जमत नाही. सारखे शिट्टी मारतात. तुमच्यासारखा हात नाही कोणाचा. बसून खाल."

"माइक कुठं ठेवता?"

"माझ्या कचेरीत. माझ्या टेबलावर."

"आणि कर्णा?"

"एक कचेरीच्या दारातच आहे."

"मग शिट्टी मारणारच शेठ. माइक तिथनं हलवायला लागेल."

शेठला कळले. तो हुशार माणूस आहे. त्याचे हसू पहिल्यांदाच अर्ध्यावर राहिले. "म्हणजे काम नको?"

"काम आहे मला," मिस्त्री म्हणाला.

ते काम असे, मित्रांनो. रोज दुपारनंतर आमचा टेंपो निघतो. मी टपावर असतो. बटण लाल खुणेवर असते. मी घूं करतो आणि काही बोलत नाही. शेजारची जागा रिकामी असते. उशी तिथेच आहे. टेंपो एखाद्या गल्लीच्या तोंडाशी थांबला की लोक बाहेर येतात, भोवती उभे राहतात आणि आपल्याच तोंडाने बोलतात. साहेब येतात, ऐकतात, डोके खाजवतात. एकदा म्हणाले, "हे काय चाललंय?" शिंपीणकाकू म्हणाल्या, "बोलतोय तो माणूस आहे साहेब. माणसाला लायसन लागत नाही अजून. विचारून या हवं तर." साहेब विचारायला गेले. अजून परत आलेले नाहीत. गेल्या आठवड्यात तो खाणीतला माणूसही आला होता. या वेळी तो म्हणाला, "मला म्हणायचं आहे." खोकला मध्ये आला तेव्हा लोक थांबले आणि तो पुढे बोलला.

मित्रांनो, मला मोडीत घालू नका, पण फक्त पुसून फळीवरही ठेवू नका. फळीवरचा कर्णा म्हणजे नुसता पत्रा. मी वापराने टिकतो. तुमच्या गावातही कर्णे असतील. कोणी कितीही मोठ्याने बोलले तरी आधी वायर कुठे जाते ते बघा. माइक कोणाच्या टेबलावर आहे ते विचारा. पाच जण पाच रंगांचे झेंडे घेऊन आले, तर त्यांच्या गाड्या कोणाच्या तेही विचारा. विचारल्याबद्दल कोणी हसले तर हसू द्या. हसणारा अर्ध्यावर थांबतो, ते मी पाहिले आहे.

आम्ही हरलो असे कोणी सांगितले तर ऐकू नका. माझा पडदा शाबूत आहे. मिस्त्रीचे हात चालतात. गल्लीला बोलता येते.

पण खरे तेही सांगतो. क्रशर तिथेच आहे, उघडाच आहे, आणि शाळेच्या खिडक्या बंद आहेत. निवडणूक जवळ आली आहे. उमेदवार मैदान घेऊन बसले आहेत, आणि मिस्त्रीने बटणांचा डबा रिकामा करून दुकानाच्या पायरीवर ठेवला आहे. सवयीने पाच नावांच्या चिठ्ठ्या त्याने स्वतःच टाकल्या. सहावी, ती कोरी, गेल्या वेळी मावशीने टाकली होती. ती अजून कोणी टाकलेली नाही.